नोकरी सांभाळून ऑनलाइन पीएच.डी. : माहिती तंत्रज्ञानातील एका शैक्षणिक प्रारूपाची चिकित्सा

प्रस्तावना

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरी करणारे अभियंते आणि संगणकशास्त्राचे अध्यापन करणारे प्राध्यापक यांच्यासमोर गेली काही वर्षे एक प्रस्ताव वारंवार येत आहे. नोकरी न सोडता, घरी बसून, ऑनलाइन माध्यमातून डॉक्टरेट पूर्ण करता येईल, असा तो प्रस्ताव होय. त्यावरील चर्चेत साधारणपणे दोन टोकाच्या भूमिका दिसतात. एका बाजूला ऑनलाइन पदवी म्हणजे विकत घेतलेली पदवी असे सरसकट मत व्यक्त केले जाते. दुसऱ्या बाजूला तंत्रज्ञानामुळे अंतर संपले असल्याने प्रत्यक्ष उपस्थितीचा आग्रह कालबाह्य झाला आहे असे सांगितले जाते. या दोन्ही भूमिका माध्यमाविषयी बोलतात. संशोधनासाठी लागणारा वेळ कोठून येणार आणि तो कोण देणार, हा प्रश्न दोहोंतही मागे पडतो.

प्रस्तुत लेखात अमेरिकेत विकसित झालेल्या ऑनलाइन डॉक्टरेटच्या प्रारूपाचा आणि त्यासंबंधीच्या भारतीय नियमांचा चिकित्सक परामर्श घेतला आहे. या प्रारूपाची खरी कसोटी माध्यमावर होत नाही. ती 'नोकरी सांभाळून' या दोन शब्दांवर होते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

प्रारूपाचा उगम

नोकरदारांसाठीच्या दूरस्थ डॉक्टरेटची कल्पना इंटरनेटहून जुनी आहे. १९७० मध्ये अमेरिकेत वॉल्डन ही संस्था न्यूयॉर्कमधील एका शिक्षक दांपत्याने स्थापन केली. काम करणाऱ्या प्रौढांना नोकरी न सोडता डॉक्टरेट करता यावी, हा तिचा मूळ हेतू होता. फ्लोरिडातील नोव्हा विद्यापीठाने १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धातच संगणकजाळ्यावरून पदव्युत्तर अध्यापन सुरू केले. त्या काळात सामान्य घरात संगणकही नव्हता, हे लक्षात घेता हा प्रयोग धाडसी म्हणावा लागेल. पुढे १९९३ मध्ये मिनियापोलिस येथे स्थापन झालेली संस्था १९९९ पासून कॅपेला विद्यापीठ या नावाने ओळखली जाऊ लागली. या संस्थांनी माहिती तंत्रज्ञान व माहिती प्रणाली या विषयांत पीएच.डी.बरोबरच 'डॉक्टर ऑफ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी' यासारख्या व्यावसायिक डॉक्टरेटही आणल्या.

या इतिहासातील दोन गोष्टी नोंद घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, हे शिक्षण प्रारंभापासून मध्यम वयाच्या, अनुभवी आणि कमावत्या व्यक्तीसाठी आखले गेले होते. नियमित विद्यापीठीय व्यवस्थेने या वर्गाकडे जवळजवळ दुर्लक्ष केले होते, त्यामुळे या संस्थांनी एक खरी गरज ओळखली होती असे म्हणणे न्याय्य ठरेल. दुसरी गोष्ट अशी की, 'ऑनलाइन' म्हणवणाऱ्या या कार्यक्रमांनी प्रत्यक्ष भेट पूर्णपणे वगळली नव्हती. नोव्हामध्ये वर्षातून काही ठरावीक वेळा विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष सत्रांसाठी एकत्र येण्याची पद्धत होती. वॉल्डन व कॅपेला यांनीही निवासी सत्रांची अट ठेवली होती. संशोधक घडण्यासाठी केवळ पाठ्यसामग्री पुरत नाही, ही जाणीव या प्रारूपाच्या आद्य प्रवर्तकांना होती, असा याचा अर्थ होतो.

अभ्यासक्रम व प्रबंध यांमधील दरी

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९७०च्या दशकापासून मांडलेला सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. शिक्षक व विद्यार्थी यांच्यातील खरे अंतर मैलांत मोजता येत नाही. ते संवाद, रचना आणि विद्यार्थ्याची स्वायत्तता या तीन घटकांवर ठरते, असे मूर यांचे म्हणणे आहे. रचना घट्ट आणि संवाद कमी असेल तर अंतर वाढते, आणि ते भरून काढण्यासाठी विद्यार्थ्याला अधिक स्वायत्त व्हावे लागते.

या दृष्टीने पाहिल्यास ऑनलाइन डॉक्टरेटचे दोन भाग अगदी भिन्न असल्याचे दिसून येते. पहिल्या दोन-तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याचे वाचन, चर्चा, स्वाध्याय व गुण ठरलेले असतात. नोकरदार व्यक्तीला ही शिस्त परिचयाची असते आणि सोयीचीही वाटते. दिवसभराच्या कामानंतर रात्री दोन तास बसून आठवड्याचे काम पुरे करता येते. प्रबंधाचा टप्पा सुरू होताच ही सारी रचना अचानक नाहीशी होते. प्रश्न स्वतः शोधावा लागतो, तो अनेकदा टाकून द्यावा लागतो, मार्गदर्शकाच्या एका शेऱ्यामुळे तीन महिन्यांचे काम बाजूला ठेवावे लागते. ज्या विद्यार्थ्याला रचनेची सवय लावली, त्याच्याकडून एकाएकी संपूर्ण स्वायत्ततेची अपेक्षा केली जाते.

प्रबंधाविना अडकलेल्या विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेत 'ऑल बट डिझर्टेशन' अशी संज्ञाच रूढ आहे. हा प्रश्न ऑनलाइन शिक्षणापुरता नाही. तेथील कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रवेशानंतर दहा वर्षांनीही पीएच.डी. पूर्ण केलेल्यांचे प्रमाण सुमारे ५७ टक्केच आढळले होते. बार्बरा लोव्हिट्स यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लीव्हिंग द आयव्हरी टॉवर' या ग्रंथात याचे कारण विद्यार्थ्याच्या बुद्धिमत्तेत न शोधता विभागाच्या रचनेत शोधले. गळती झालेला विद्यार्थी मात्र दोष स्वतःकडेच घेतो, हे त्यांचे निरीक्षण विशेष मार्मिक आहे. नियमित विद्यापीठात शेजारच्या टेबलावरील सहाध्यायी, विभागातील चर्चासत्र, चहाच्या वेळी भेटणारा वरिष्ठ संशोधक यांमुळे हा एकाकीपणा थोडा तरी हलका होतो. नोकरदार ऑनलाइन विद्यार्थ्याला तो आधारही नसतो. कार्यालयातील सहकाऱ्यांना त्याच्या संशोधनाशी कर्तव्य नसते आणि संशोधनातील सहाध्यायी त्याने फारसे पाहिलेलेच नसतात.

या दरीला आर्थिक बाजूही आहे. अभ्यासक्रमाचे शुल्क श्रेयांकांवर ठरते, पण प्रबंधाला लागणारा काळ आधी सांगता येत नाही. अ‍ॅरिझोनातील ग्रँड कॅनियन विद्यापीठाच्या प्रकरणात हा प्रश्न चव्हाट्यावर आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने या विद्यापीठाला ३ कोटी ७७ लाख डॉलरचा दंड ठोठावला. डॉक्टरेटचा खर्च ४० ते ४९ हजार डॉलर सांगितला गेला असला तरी तेवढ्या खर्चात पदवी मिळवणारे २ टक्क्यांहून कमी होते, आणि बहुतेकांना प्रबंधासाठी 'कंटिन्युएशन कोर्स' घेत हजारो डॉलर अधिक मोजावे लागले, असे खात्याचे म्हणणे होते. विद्यापीठाने हे आरोप प्रथमपासून नाकारले आणि मे २०२५ मध्ये खात्याने हा दंड मागे घेतला. वॉल्डन विद्यापीठाविरुद्ध, व्यवसाय प्रशासनातील डॉक्टरेटचा अंतिम प्रकल्प लांबवला जातो अशी तक्रार करणारा सामूहिक दावा २०२२ मध्ये दाखल झाला. २०२४ मध्ये विद्यापीठाने दोष मान्य न करता २ कोटी ८५ लाख डॉलर देऊन तो तडजोडीने मिटवला.

या प्रकरणांत कोण दोषी होते, हे ठरवणे या लेखाचे प्रयोजन नाही. निवाडा कोणताही असो, एक गोष्ट त्यातून निर्विवादपणे पुढे येते. जिथे शुल्क काळावर अवलंबून असते आणि काळ मार्गदर्शकाच्या अभिप्रायावर, तिथे विद्यार्थी आणि संस्था यांचे हितसंबंध एकमेकांपासून दूर जाऊ शकतात. प्रवेश घेणाऱ्याने एकूण शुल्क किती, एवढेच विचारून भागत नाही. प्रबंध लांबला तर दर सत्राला किती शुल्क पडेल, प्रकरणाचा मसुदा दिल्यावर अभिप्राय किती दिवसांत मिळेल आणि मार्गदर्शक मध्येच बदलला तर काय होईल, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

माहिती तंत्रज्ञान या विषयाचे वेगळेपण

नोकरी करत संशोधन करण्यास माहिती तंत्रज्ञान हा विषय सर्वांत अनुकूल आहे, असा समज आहे. त्यात तथ्यांश जरूर आहे. रसायनशास्त्राच्या संशोधकाला प्रयोगशाळेत जावे लागते, तर संगणकाच्या संशोधकाचे कार्यालय हीच त्याची प्रयोगशाळा होऊ शकते. हेव्हनर, मार्च, पार्क व रॅम यांच्या २००४ मधील 'एमआयएस क्वार्टर्ली'तील लेखाने तर एखादी प्रणाली घडवणे व तिचे कसोशीने मूल्यमापन करणे हेच संशोधन ठरू शकते, या भूमिकेला भक्कम पाया दिला. कामाच्या ठिकाणची खरी समस्या हाती असलेल्या अभियंत्यासाठी ही मांडणी मोलाची आहे.

तथापि, या अनुकूलतेच्या पोटातच दोन अडचणी आहेत. कार्यालयातील विदा, आज्ञावली आणि नोंदी यांवर मालकी कंपनीची असते. नोकरीवर रुजू होताना कर्मचाऱ्याने गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते. प्रबंध हा मात्र स्वभावतःच सार्वजनिक दस्तऐवज असतो. त्याच्या आधारसामग्रीची तपासणी इतरांना करता आली पाहिजे. चार वर्षे खपून जमवलेली विदा कंपनीच्या परवानगीअभावी प्रबंधात वापरता आली नाही, तर विद्यार्थ्याच्या हाती काहीही उरत नाही. म्हणून विषय नोंदवण्यापूर्वी लेखी परवानगी घेणे हा औपचारिकतेचा भाग न राहता संशोधन आराखड्याचाच भाग व्हायला हवा. तसेच स्वतःच्या हाताखालील कर्मचाऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेणारा व्यवस्थापक-संशोधक नैतिकदृष्ट्या नाजूक स्थितीत असतो, कारण 'नाही' म्हणण्याचे स्वातंत्र्य त्या कर्मचाऱ्यांना कितपत असते हा प्रश्नच आहे.

दुसरी अडचण काळाची आहे. अंशकालीन प्रबंधाला सहा-सात वर्षे लागतात; या क्षेत्रातील साधने मात्र तेवढ्या अवधीत पार बदलून जातात. मराठीशी निगडित उदाहरण घेता येईल. इंग्रजी-मराठी यंत्रानुवादात सांख्यिकी पद्धतीने सुधारणा करण्याचा विषय कोणी २०१५ मध्ये नोंदवला असता, तर एप्रिल २०१७ मध्ये गूगलने मराठीसह नऊ भारतीय भाषांसाठी न्यूरल अनुवाद आणताच त्या विषयाची पायाभूत पद्धतच मागे पडली असती. ट्रान्सफॉर्मर ही रचनाही २०१७ मध्येच प्रसिद्ध झाली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यावर तुलनेची सारी मोजमापे पुन्हा बदलली. पूर्णवेळ संशोधक तीन वर्षांत आपले काम प्रसिद्ध करून मोकळा होतो. अंशकालीन संशोधकाने साधनावर आधारलेला विषय घेतला, तर तो ज्या वर्षी लिहायला बसतो त्याच वर्षी विषय शिळा झालेला असतो. याउलट, मराठीतील सामान्यरूपे व विभक्तिप्रत्यय यांमुळे यंत्रानुवादात कोणत्या प्रकारच्या चुका होतात आणि का, हा प्रश्न २०१५ मध्ये अर्थपूर्ण होता व आजही आहे. अंशकालीन संशोधकाच्या मार्गदर्शकाने विषयाची निवड या एका निकषावर तरी तपासून पाहावी.

भारतीय नियमांची भूमिका

अमेरिकेतील या प्रारूपाकडे भारतातील नोकरदारांचे लक्ष वळण्यामागे येथील व्यवस्थेचाही हात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी सहयोगी प्राध्यापकपदावरील पदोन्नतीसाठी पीएच.डी. आवश्यक ठरवली. सेवेत असलेल्या हजारो अध्यापकांसमोर त्यामुळे संशोधन हा जिज्ञासेचा विषय न राहता सेवाशर्तीचा विषय झाला. शैक्षणिक तंत्रज्ञान कंपन्यांनी परदेशी संस्थांशी करार करून ऑनलाइन पीएच.डी.च्या जाहिराती सुरू केल्या, त्या याच पार्श्वभूमीवर. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोग व अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद यांनी संयुक्त सूचना काढून अशा कार्यक्रमांना मान्यता नसल्याचे स्पष्ट केले.

दूरस्थ पद्धतीने पीएच.डी. देण्यास २००९ च्या विनियमांनीच मनाई केली होती. नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी ऑनलाइन पद्धतीलाही ती लागू केली, मात्र अंशकालीन पीएच.डी.ला स्पष्ट स्थान दिले. फसवणूक रोखण्याच्या दृष्टीने ही मनाई समर्थनीय आहे. तिच्यामागील तर्क मात्र पुरेसा सुसंगत नाही. एप्रिल २०२० मध्ये महामारीच्या काळात आयोगानेच पीएच.डी.ची मौखिक परीक्षा दृक्‌श्राव्य माध्यमातून घेण्याची मुभा दिली होती. ज्ञानाची अंतिम परीक्षा पडद्यावर होऊ शकते, हे एकदा मान्य झाल्यावर माध्यम हेच गुणवत्तेचे गमक आहे, असे म्हणणे कठीण होते.

या विनियमांतील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित तरतूद 'ना हरकत प्रमाणपत्रा'ची आहे. अंशकालीन उमेदवाराच्या नियोक्त्याने तीन गोष्टी लिहून द्यावयाच्या आहेत : उमेदवारास अंशकालीन अध्ययनाची परवानगी आहे, त्याची कार्यालयीन कर्तव्ये संशोधनास पुरेसा वेळ देऊ देतात, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी त्याला कार्यमुक्त केले जाईल. यांतील दुसरे विधान हे प्रत्यक्षात एक आश्वासन आहे. परंतु 'पुरेसा वेळ' म्हणजे किती, याची व्याख्या नाही. प्रमाणपत्रावर सही करणारे प्राचार्य त्याच आठवड्यात त्या अध्यापकाकडे नॅकच्या कामाचा एखादा निकष, परीक्षा विभागाची जबाबदारी आणि प्रवेश समितीचे सदस्यत्व सोपवतात. कोणी कोणाला फसवत नसते. कागदावरचा वेळ आणि वेळापत्रकातला वेळ यांचा कोठेही मेळ घातला जात नाही, एवढेच. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाची अवस्था याहून अवघड आहे. ज्याची नेमणूकच सत्रापुरती असते, त्याला पुढील सहा वर्षांच्या वेळेची हमी कोण देणार?

वेळेचा हिशोब

या प्रश्नाचे गांभीर्य साध्या अंकगणितातून स्पष्ट होते. पूर्णवेळ संशोधक आठवड्याला ४० तास, वर्षातून ४५ आठवडे काम करतो असे धरल्यास किमान तीन वर्षांच्या कालावधीत त्याचे ५,४०० तास होतात. अंशकालीन संशोधकाने आठवड्याला १० तास दिले, तर तेवढ्या तासांना १२ वर्षे लागतील. १५ तास दिले तर ८ वर्षे लागतील, आणि २० तास दिले तरच ६ वर्षांत काम पुरे होईल. विनियमांनुसार पीएच.डी.ची कमाल मुदत ६ वर्षे असून पुनर्नोंदणीद्वारे आणखी २ वर्षे मिळू शकतात. म्हणजेच आठवड्याला १५ तासांहून कमी वेळ देऊ शकणारा उमेदवार मुदतीत बसण्याची शक्यता कमी आहे, किंवा मग संशोधन उथळ होण्याची शक्यता अधिक आहे. तासांची संख्या हा संशोधनाच्या गुणवत्तेचा निकष नव्हे, हे खरे. आणि अनुभवी अभियंत्याला काही गोष्टी लवकर साधतात, हेही खरे. तरीही रोज रात्री दोन तास आणि रविवारची सुटी एवढ्या भांडवलावर हे काम होईल, असा समज या हिशोबापुढे टिकणे कठीण आहे. शिवाय हे तास कोणाच्या तरी वाट्यातून येतात. घरातील वृद्धांची सेवा, मुलांचा अभ्यास, स्वयंपाक यांचा भार ज्यांच्यावर अधिक असतो, त्या स्त्री-संशोधकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. विनियमांनी त्यांना दोन वर्षांची अतिरिक्त सवलत दिली आहे, पण सवलतीमुळे मुदत वाढते, दिवसाचे तास वाढत नाहीत.

पूर्वीच्या धोरणकर्त्यांना ही गोष्ट माहीत होती. १९७० मध्ये सुरू झालेल्या गुणवत्ता सुधार कार्यक्रमाने अभियांत्रिकीच्या अध्यापकांना आय.आय.टी.सारख्या संस्थांत पाठवले. पंचवार्षिक योजनांच्या काळात आयोगाच्या अध्यापक सुधार कार्यक्रमाने संशोधन रजेवर गेलेल्या अध्यापकाच्या जागी नेमलेल्या बदली अध्यापकाच्या वेतनाची तरतूद केली. या योजनांतही उणिवा होत्या, परंतु संशोधनाला वेळ लागतो आणि त्या वेळेची किंमत कोणीतरी मोजावी लागते, हे त्यांनी मान्य केले होते. नोकरी सांभाळून करावयाच्या पीएच.डी.मध्ये ही किंमत पूर्णतः उमेदवारावर व त्याच्या कुटुंबावर टाकली जाते, आणि त्याच पदवीचा लाभ महाविद्यालय आपल्या मूल्यांकन अहवालात नोंदवते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, ऑनलाइन माध्यम हे या प्रारूपाचे बळही नाही आणि त्याचा मुख्य दोषही नाही. पडद्यावरून दर आठवड्याला भेटणारा मार्गदर्शक हा त्याच इमारतीत असूनही सहा महिने न भेटणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा विद्यार्थ्याच्या अधिक जवळ असतो. प्रारूपाचा दोष हा की, ते संशोधनाला उरलेल्या वेळातले काम समजते.

यावर उपाय फार खर्चिक नाहीत. ना हरकत प्रमाणपत्रात आठवड्याचे तास आकड्यात लिहावेत आणि त्या प्रमाणात अध्यापनेतर कामे कमी केल्याची नोंद वेळापत्रकात असावी. शोध सल्लागार समितीने दर सत्राला प्रगती अहवाल पाहताना विद्यार्थ्याला मिळालेल्या वेळेचाही आढावा घ्यावा आणि तो नियोक्त्याला कळवावा. उद्योगातील उमेदवाराने विदेच्या वापराची लेखी परवानगी नोंदणीपूर्वीच सादर करावी. एकाच शहरातील चार-पाच महाविद्यालयांनी मिळून अंशकालीन संशोधकांसाठी महिन्यातून एक शनिवार चर्चासत्राला दिला, तरी त्यांचा एकाकीपणा बराच कमी होईल.

आणि ज्याला आठवड्याचे पंधरा तास कोठूनही उभे करता येणार नाहीत, त्या सहकाऱ्याला आज प्रवेश घेऊ नका असे स्पष्टपणे सांगणे, हेही मार्गदर्शकाचे कर्तव्य मानले पाहिजे. पदोन्नतीच्या अटीपुढे हा सल्ला कटू वाटेल. सात वर्षांनंतर हाती अपूर्ण प्रबंध आणि मनात स्वतःविषयीची शंका घेऊन तोच सहकारी बाहेर पडला, तर त्याची जबाबदारी मात्र त्याच्या एकट्याची राहणार नाही.